मामाचा चाकू आणि माझी कंबर

माझं लग्न एकोणनव्वद सालच्या वैशाखात लागलं आणि नव्वद सालच्या दिवाळीत पूर्ण झालं. दचकू नका. मधल्या काळात कोर्टकचेरी, पळापळ असलं काही झालं नाही. बायको तीच आहे, आत्ता आतल्या खोलीत मटार सोलत बसली आहे आणि मी काय लिहितोय याचा तिला दाट संशय आहे. लग्न सतरा महिने चाललं ते एका चाकूमुळे. घडीचा, शिंगाच्या मुठीचा, चार बोटं पात्याचा चाकू. तो मी सतरा महिने रोज अंगावर वागवला, आणि तो नेमका अंगावर कुठे ठेवायचा या प्रश्नावर माझ्या घरात, कारखान्यात आणि केबिन रोडवरच्या एका टेलरच्या दुकानात जितका विचार झाला, तितका माझ्या नोकरीचा किंवा पुढच्या आयुष्याचा कधीही झालेला नाही.

आमच्याकडे हळद लागली की नवरदेवाच्या हातात कट्यार देतात. टोकाला लिंबू खोचलेलं. हळदीच्या अंगाला बाहेरचं काही लागू नये म्हणून लोखंड जवळ. लग्न लागलं, हळद उतरली, की ज्यानं कट्यार दिली त्यानंच ती आपल्या हातानं परत घ्यायची. मग नवरदेव सुटला. इतकी साधी गोष्ट.

भाईंदर पूर्वेला आमच्या चार मजली बिल्डिंगमध्ये कट्यार एकच होती, तळमजल्यावरच्या काकूंची. दोन्ही विंगांतले सगळे नवरदेव त्याच कट्यारीवर निघाले होते. पण त्या वैशाखात मुहूर्तांची अशी दाटी, की माझ्या हळदीच्या दिवशी कट्यार विरारला दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात होती. मी पिवळा होऊन पाटावर बसलेला, बायका लिंबू घेऊन उभ्या, आणि खोचायला काही नाही. कुणी सुरी म्हणालं, कुणी अडकित्ता. तेवढ्यात मामानं लेंग्याच्या खिशातनं आपला चाकू काढला, उघडला, लिंबात घुसवला आणि माझ्या हातात दिला.

"घे भाच्या. याच्याफुडं कुठलं भूत उभं ऱ्हातंय!"

मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. घोडबंदरला खाडीच्या काठी राहायचा, रेतीच्या होड्यांवर काम करायचा. मी शाळेत असतानाच वडील गेले, तेव्हापासून आईला स्वतःचं म्हणावं असं माणूस मामाच. दर भाऊबीजेला तो यायचा, ओवाळून घ्यायचा, पाटावरच अर्धा तास डुलकी काढायचा आणि उठून जायचा. बोलणं फार नाही. पण ते अर्ध्या तासाचं घोरणं आई वर्षभर पुरवून वापरायची, असं मला आता वाटतं.

आता लग्नाचा दिवस. आमच्या नात्यागोत्यात व्हिडिओ शूटिंग असलेलं पहिलं लग्न माझं. आईनं त्याचा ध्यास घेतला होता. 'फ्रेम' हा शब्द तिला आठवड्यापूर्वी कळला होता आणि तेव्हापासून ती तो मिठासारखा सगळ्यात टाकत होती. मंगलाष्टकं सुरू झाली. रिवाजाप्रमाणे मामा माझ्या पाठीशी उभा. मामा अंगानं कपाटाएवढा, त्यावर नवा कोरा फेटा. मागच्या पडद्यावर थर्माकोलचं 'शुभविवाह' होतं, त्यातला 'शुभ' पूर्ण आणि 'वि'ची वेलांटी मामाच्या मागे गेली.

"ओ काका, जरा साइडला," कॅमेरावाला म्हणाला.

मामा कशाला हलतोय? मग भटजींच्या 'सावधान'वर ताण करत खालून आईचा आवाज आला, "दादा, सरक की जरा! फ्रेममध्ये येतोयस!"

आणि हॉलमधले दोन-तीनशे लोक हसले.

मामा सरकला. एक पाऊल. मग आणखी एक. कॅसेटमध्ये सगळं आहे : आधी खांदा जातो, मग फेट्याचा शेमला जातो, मग नुसता पडदा. मामा स्टेजवरून उतरला, फेटा कुणाच्या तरी मांडीवर ठेवला आणि भर उन्हात, न जेवता, घोडबंदरच्या बसला जाऊन उभा राहिला. मला काहीच कळलं नाही. माझ्यासमोर अंतरपाट होता, हातात हार होता आणि कमरेच्या शेल्यात मामाचा चाकू होता.

दुसऱ्या दिवशी हळद उतरली, कंकणं सुटली, सगळं झालं. मी चाकू टेबलावर ठेवायला गेलो तर आई ओरडली, "खाली ठेवू नकोस! दादानं दिलाय, दादाच घेईल. तोवर लग्न पुरं होत नाही."

चौथ्या दिवशी मी आणि बायको घोडबंदरला गेलो. मामा अंगणात दोरखंड गुंडाळत बसला होता.

"मामा, हा चाकू."

"कुनाचा?"

"तुमचाच."

"मंग मी मागितला काय?"

"आई म्हणते तुम्ही हातानं घ्यायचा असतो."

"तुजी आय म्हनते सरक. मी सरकलो. आता मी हितं हाय. ज्याला मी पायजे त्यानं हितं यावं. चहा घे सूनबाय."

चहा घेतला, चाकू घेऊन परत आलो. आईला सांगितलं. ती म्हणाली, "मी जाऊ? भाऊबीजेला भाऊ बहिणीकडे येतो का बहीण भावाकडे जाते? येईल तो. कुठे जातोय!"

मधे अंतर एक बस बदलून तासाभराचं. पण ते दोघं असे बसले, की जणू एक जण बोटीनं आफ्रिकेला गेला आहे. आणि आईनं माझ्यापुढे नियम मांडले. चाकू बॅगेत नको, डब्याच्या पिशवीत नको. अंगावर पाहिजे. झोपताना उशाखाली चालेल.

तुम्ही म्हणाल, असल्या गोष्टी ऐकायच्या कशाला? मी केमिस्ट्रीचा पदवीधर. एके सकाळी मी चाकू कपाटात हातरुमालांच्या खाली ठेवून खरंच कामावर गेलो होतो. त्या दिवशी पाण्याचा टँकर आला नाही, मिक्सर जळला आणि माझी अक्कलदाढ ठणकायला लागली. जेवायला बसलो तर ताटात आईनं मिठाच्या शेजारी चाकू वाढलेला होता.

नोकरीनं मामला आणखी चिघळवला. मी भाईंदरच्याच एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये फुगवायच्या खेळण्यांच्या कारखान्यात तपासनीस होतो. प्लॅस्टिकची बदकं, मासे, पोहायच्या ट्यूब. माल फुगवून एका खोलीत रात्रभर ठेवायचा आणि सकाळी कोण मलूल झालंय ते बघायचं, हे माझं काम. दोन-दोनशे बदकं माझी वाट बघत असायची. त्या इमारतीत टोकदार वस्तूला सक्त मनाई. बायकांच्या पदराच्या पिनासुद्धा गेटवर काढून डबीत टाकाव्या लागत. वॉचमन उत्तर प्रदेशातला, मिशीवाला, कर्तव्याला वाघ. म्हणजे रोज सकाळी आठला वॉचमन माझ्या अंगावर चाकू नाही ना, हे चाचपून बघायचा, आणि रोज संध्याकाळी सातला आई माझ्या अंगावर चाकू आहे ना, हे चाचपून बघायची. या दोन हातांच्या मधे मला जगायचं होतं.

सुरुवात शर्टाच्या खिशापासून केली. कारखान्याच्या वेळात तो गेटबाहेरच्या विटांखाली दडवायचो आणि सुटलो की उचलायचो. चाकूचा खटका म्हातारा झाला होता, त्यामुळे पातं मनाला येईल तेव्हा उघडायचं. शिवाय वजन असं, की एका बाजूचा खांदा उतरलेला दिसे. टँकरखाली बादली लावायला वाकलो आणि चाकू शेजारच्या भाभींच्या पिंपात बुडाला. तळापर्यंत. भाभी म्हणाल्या, "भाई, पानी पीने का है!" पिंप रिकामं करून आमच्या वाट्याचं पाणी त्यांना द्यावं लागलं.

मग पँटचा खिसा. आईनं पहिल्याच संध्याकाळी पकडलं.

"देवापुढची वस्तू आहे ती. कमरेच्या खाली नाही ठेवायची."

बायकोनं हे ऐकलं. ती रत्नागिरीकडची. तोपर्यंत तिनं सासरी मोजकंच बोलायचं धोरण ठेवलं होतं, ते त्या क्षणी सोडलं. "आणि कमरेच्या वर मी ठेवू देणार नाही. काल बनियनला भोक पडलंय, छातीशी. पातं आत गेलं तर मी कुणाकडे बघायचं? मामांकडे?"

आईचं म्हणणं कमरेच्या खाली नको, बायकोचं म्हणणं कमरेच्या वर नको. दोघींचं एकमत व्हावं अशी माणसाच्या देहावर फक्त एक रेघ उरली : बेंबीच्या पातळीवरची. त्या रेघेवर मी सव्वा वर्ष राहिलो.

रेघेवर निसर्गतः जे असतं ते म्हणजे करगोटा. काळा, तीनपदरी. मी चाकू करगोट्याला बांधला. उभं राहिलं तर ठीक, पण चाललं की तो आतल्या आत देवळाच्या घंटेसारखा इकडून तिकडे जायचा आणि माझी चाल बदलायची. ओळखीचे लोक विचारायचे, "मूळव्याध का हो?" मी हो म्हणायचो. मूळव्याध समजावून सांगायला सोपी.

असाच एका शनिवारी केबिन रोडवरून चाललो होतो. पावसाळी गर्दी, छत्र्या, कांदेबटाटेवाले. चाकू आत उघडला आणि त्यानं ज्या दोऱ्याला तो लटकला होता तोच कापला. मग मांडीवरून, गुडघ्यावरून, थंडगार, सावकाश, जिना उतरल्यासारखा तो खाली आला आणि पायजम्यातून बाहेर पडून माझ्या चपलेपुढे उघडा पडला. बांगड्यांच्या दुकानासमोर. सगळा रस्ता थबकला. एक भाजीवाला अत्यंत अदबीनं म्हणाला, "भाईसाब, आपका कुछ गिरा." मी तो उचलला, घडी घातली आणि जागा न सुचून हातातल्या पालकाच्या जुडीत खोचला. त्यानंतर तो भाजीवाला मला कधीही शिळी भाजी द्यायचा नाही.

मग टेलर. मी त्याला म्हटलं, पँटच्या पट्ट्यात, आतून, चोरखिसा पाहिजे.

"पाकिटाचा?"

"नाही. चाकूचा."

टेलरनं तोंडातल्या टाचण्या काढल्या. "किती मोठा चाकू?"

मी दाखवला. त्यानं टेप गळ्यातनं काढून पात्याचं माप घेतलं आणि वहीत लिहिलं. या टेलरची ख्याती अशी, की दिवाळीचे कपडे होळीला मिळतात. माझ्या तीन पँटी त्यानं तिसऱ्या दिवशी स्वतः घरी आणून दिल्या आणि दारातूनच म्हणाला, "साहेब, उसवलं तर निरोप पाठवा. तुम्ही यायची तसदी घेऊ नका."

चोरखिसा मात्र अप्रतिम जमला. वॉचमनचा हात पट्ट्यावरून फिरायचा आणि त्याला बक्कल वाटायचं. आईचा हात तिथेच फिरायचा आणि तिला चाकू लागायचा. जून गेला, जुलै गेला, ऑगस्ट गेला. मी म्हटलं, जिंकलो.

सप्टेंबरात कारखान्याला कुठल्याशा प्रदर्शनासाठी हत्तीची ऑर्डर आली. सात फूट उंच, राखाडी, सोंड वर केलेला. शेठनं स्वतः लक्ष घालून बनवला. तो फुगवून उभा केला आणि मी हवा गळते का ते ऐकायला त्याच्या पोटाला कान लावला. कान लावायचा म्हणजे अंग लावावं लागतं. चाकूनं मोका साधला. पट्ट्यातून टोक बाहेर आलं आणि हत्तीच्या पोटात गेलं.

फाटकन फुटला असता तर बरं झालं असतं. तो फुटला नाही. त्यानं एक लांब सुस्कारा टाकला. मग पुढचे पाय दुमडले, मग मान झुकवली आणि तीस कामगारांच्या देखत माझ्यासमोर गुडघे टेकून सोंड माझ्या खांद्यावर ठेवली. प्लॅस्टिक चिकटवायच्या वेल्डिंग मशीनवरच्या एका मावशींनी तर हात जोडले.

वॉचमनला बोलावलं गेलं. त्याचा चेहरा पडला होता. तीन महिने तो रोज ज्याला बक्कल समजत होता ते त्याच्या हातात होतं.

"ये क्या है साहब?"

"शादी का चाकू है."

"किसकी शादी?"

"मेरी."

"कब है?"

"हो गई. मई में."

"ये तो सितंबर है."

"अभी चालू है."

वॉचमननं बराच विचार केला. "खाना है क्या अभी?"

शेठ गुजराती, मनानं चांगला. त्यानं मला केबिनमध्ये बसवून सगळी हकीकत ऐकली. लिंबू, फेटा, फ्रेम, सगळं. शेवटी कपाळाला हात लावून म्हणाला, "मामा तुम्हारा नाराज, अने फूटे मेरा हाथी?" पण मला कामावरून काढलं नाही. त्याला तीन बहिणी होत्या, म्हणाला रुसवा काय असतो ते मला शिकवू नकोस. त्यानं तोडगा काढला तो धंद्याच्या अकलेनं : चाकू प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून चारी बाजूंनी वेल्डिंग मारा. दिसेल, पण उघडणार नाही. त्या मावशींनी हत्तीला नमस्कार केलेल्या हातांनी ते काम केलं. पाकिटासाठी बदकाच्या मालातला उरलेला पिवळा तुकडा घेतला, त्यावर बदकाचा एक डोळा छापलेला होता. पुढे वर्षभर माझ्या बेंबीपाशी, करगोट्याला बांधलेला, एक पिवळा डोळा उघडा असायचा. आईनं दोन दिवस विचार करून निकाल दिला, की अंगाकडच्या बाजूनं सुईनं एक भोक पाड, लोखंडाला अंगाची ऊब लागली की पुरे. वॉचमन रोज सकाळी शर्ट वर करून डोळा बघायचा आणि सलाम ठोकायचा, "राम राम, दूल्हे राजा."

मग भाऊबीज आली.

इथपर्यंत मला हा सगळा तमाशा माझा वाटत होता. त्या दिवशी आईनं सकाळीच पाट मांडला, रांगोळी काढली. बारा वाजले, तीन वाजले. ती दर बसच्या सुमाराला गॅलरीत जायची आणि कपडे वाळलेत का ते बघायची. दोरीवर कपडे नव्हतेच. मी म्हटलं, "आई, मी जाऊन घेऊन येतो त्याला." ती म्हणाली, "बोलावून आणलेला भाऊ भाऊ असतो काय?"

सूर्य बुडाला तशी तिनं तबक उचललं आणि गच्चीवर निघाली. मी मागोमाग. ज्या बाईला भाऊ नाही ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. मिठागरांच्या वर द्वितीयेची कोर नखाएवढी होती. आईनं निरांजन फिरवलं, अक्षता टाकल्या. शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी विचारलं, "काय हो, भाऊ नाही आले?" आई म्हणाली, "हे काय, आलाय की. वर आहे." आणि मग अगदी हळू, बहुतेक मी नाहीच असं समजून, चंद्राला म्हणाली, "तू तरी खाली बसून दोन घास खाल्ले असतेस."

त्या दिवसापासून मला चाकूचं ओझं निराळ्या तऱ्हेनं जाणवायला लागलं. तो माझ्या कमरेवरून उतरेल त्या दिवशी आईला भाऊ परत मिळणार होता, आणि नाहीच उतरला तर पुढल्या प्रत्येक वर्षी ती गच्चीवर जाणार होती. मी दोन वेळा घोडबंदरला गेलो. मामाचं एकच, "तिला म्हनावं, रस्ता ठाव हाय ना?" मामी मागून हळूच सांगायची, की रोज संध्याकाळी बसच्या वेळी हा नाक्यावर जाऊन उभा असतो आणि विचारलं तर म्हणतो वारा खायला गेलो होतो.

दुसऱ्या वर्षाची दिवाळी आली तेव्हा बायकोला सहावा महिना लागला होता. भाऊबीजेच्या सकाळी आईनं पुन्हा पाट काढला. बायको शांतपणे चहा पीत होती.

"आई, एक विचारू? ह्यांचा चाकू उतरला नाही म्हणजे लग्न पूर्ण झालं नाही. असंच ना?"

"असंच. जुनी माणसं सांगून गेलीत."

"मग हे?" तिनं स्वतःच्या पोटाकडे बोट दाखवलं. "हे कसं काय?"

आईच्या हातातला पाट तसाच राहिला. मी भिंतीकडे बघायला लागलो.

"म्हणजे लोकांना आपण काय सांगायचं ते ठरवून ठेवू," बायको पुढे म्हणाली. "माझ्या आईला मी सांगू शकते, की जरा लवकर झालंय. तुमच्या बाजूचं तुम्ही बघा."

आईनं पाट भिंतीला टेकवून ठेवला, तबक कापडात बांधलं, निरांजन, वाती, काडेपेटी घेतली आणि मला म्हणाली, "चप्पल घाल. बघत काय बसलायस, पोराला बाप पाहिजे की नको?"

बसनं आम्ही काशीमिऱ्याच्या नाक्यावर उतरलो. घोडबंदरची बस हायवेच्या पलीकडून मिळायची. ट्रक, धूळ, हॉर्न. पलीकडे बघतो तर मामा. इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाईचा खोका, तोंड आमच्याकडे.

बायकोनं आठ दिवस आधी त्याला पोस्टकार्ड टाकलं होतं, हे मला नंतर कळलं. चारच ओळी : सहावा महिना आहे, चाकू अजून यांच्या कमरेलाच आहे, तेव्हा बाळ लग्नातलं धरायचं की लग्नाआधीचं, हे कृपया वडीलधाऱ्यांनी कळवावं. पोस्टकार्ड उघडंच असतं. पोस्टमननं वाचलं, मग वाटेतल्या दुकानदारानं, आणि मामापर्यंत पोचलं तेव्हा अख्खं घोडबंदर उत्तराची वाट बघत होतं.

आई आणि मामानं एकमेकांना बघितलं. आणि आता काय होईल असं तुम्हाला वाटतं? काही नाही. आई अलीकडे उभी राहिली, मामा पलीकडे. मी रस्ता ओलांडून गेलो.

"मामा, चला ना, आई आलीय."

"आली कुठं? ती तिथंच हाय. तिला म्हनावं मी लांबून आलोय."

परत अलीकडे. "आई, तो म्हणतोय तो लांबून आला."

"सांग त्याला, मी तबक घेऊन आलेय. रिकाम्या हातानं नाही."

पुन्हा पलीकडे. मामानं खोका वर करून दाखवला. असा मी चार वेळा हायवे ओलांडला. पाचव्या वेळी मी मधे असताना आई पुटपुटली, "म्हातारपणी पण मेला ऐकत नाही," आणि डावी-उजवीकडे न बघता, तबक छातीशी धरून, सरळ रस्त्यात उतरली.

ट्रकचा हॉर्न वाजला. मामाच्या तोंडून असा आवाज निघाला, जो मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. "बाय! थांब! थांब गो!" खोका टाकून, दोन्ही हात वर करून तो ट्रकसमोर धावला. ट्रक थांबला, मागचा टेम्पो थांबला, त्यामागची बस थांबली. मामा धापा टाकत आईपाशी आला आणि तिच्या दंडाला धरून तिला पलीकडच्या कडेला घेऊन आला. ट्रकवाला पंजाबीत काय काय बोलला ते आम्हाला कळलं नाही, एवढं बरं.

"डोलं फुटलं काय तुजं?" मामा ओरडला.

"तू आला असतास तर मी कशाला उतरले असते?" आईही ओरडली. आणि मग दोघंही रडत होती, रागारागानं, एकमेकांकडे न बघता.

पाट नव्हता. मामा किलोमीटरच्या दगडावर बसला. वाऱ्यानं निरांजन चारदा विझलं. मग मी आणि रिक्षास्टँडवरचे दोन रिक्षावाले आडोसा करून उभे राहिलो. आईनं ओवाळलं. मामाला ओवाळणी घालायला काही सुचेना, खोका तर रस्त्यात चपटा झाला होता. त्यानं माझ्याकडे हात केला, "दे."

मी शर्ट वर केला. मामानं पिवळा डोळा पाहिला. "ह्यो काय परकार?"

"मोठी गोष्ट आहे. आधी घ्या."

वेल्डिंग इतकं पक्कं, की उघडेना. चाकू पाकिटात होता आणि पाकीट कापायला चाकू नव्हता. शेवटी मामानं ते दातांनी फाडलं, चाकू काढला, आईच्या तबकात ठेवला, आईनं हळदकुंकू वाहिलं, आणि मामानं तो उचलून लेंग्याच्या खिशात टाकला. कमरेच्या चांगला वीतभर खाली. मी आईकडे बघितलं. तिला त्यात काहीही वावगं दिसलं नाही.

"चल घरी," आई मामाला म्हणाली. "जेवून जा."

"तू चल. वहिनीनं भाकऱ्या टाकल्यात."

"माझ्याकडे पण रांधलंय."

"तुजी सून खाईल दोघांचं."

एवढ्यात घोडबंदरची बस आली आणि काय झालं ते मला कळायच्या आत आई मामापाठोपाठ तीत चढली होती. खिडकीतून तिनं तबक माझ्या हातात दिलं. "संध्याकाळी येते," म्हणाली.

ती चार दिवसांनी आली. दारातच सुरू झाली. वहिनीच्या भाकऱ्या किती जाड, घरात उंदीर किती, दादानं छपराची कौलं अजून शाकारली नाहीत, रात्रभर घोरतो, कोंबड्या पहाटे तीनला उठवतात, विहिरीचं पाणी मचूळ, आणि निघताना वहिनीनं दिलेली सुकट बघ, अर्धी वाळूच आहे. चप्पल न काढता दोन तास ती माहेराला नावं ठेवत होती. बायकोनं तिला पाणी दिलं, मग चहा दिला, मग दिवे लावले. मी समोर बसून ऐकत होतो, आणि ती दमलीय असं वाटलं की विचारत होतो, "आणि आई, मामा काय म्हणाला?"

"तो काय म्हणणार! पाटावर बसला, जेवला आणि तिथंच झोपला."